सोमाभाऊंचा हॉर्न

आमच्या शेजारचे सोमाभाऊ गाडीचा हॉर्न वाजवत नाहीत. रस्त्यात म्हैस असो, बैलगाडी असो, की आलापल्लीच्या चौकात मोटारसायकल आडवी लावून गप्पा हाणणारा एखादा पुढारी असो, सोमाभाऊ गाडी थांबवतात आणि समोरच्याकडे शांतपणे बघत राहतात. म्हैस लवकर हलते. पुढाऱ्याला वेळ लागतो.

सारी नोकरी त्यांनी वनखात्याची जीप चालवली. सवय तिथलीच. "जंगलात मालक ते, आपण पाहुणे," ते म्हणतात. "पाहुण्यानं बोंबलत जा लागते का गा?"

अशा माणसाच्या नशिबी गाडी यावी ती आपणहून बोंबलणारी!

गाडी म्हणजे जुनी पिकअप. मी भांडीवाला. आठवडी बाजारांना माझी पातेली, कढया, पाण्याचे गुंड याच गाडीतून जातात आणि मीही सोमाभाऊंच्या शेजारी बसून जातो. त्यामुळे गाडीचे सगळे चाळे मी अंगावर काढले आहेत. ब्रेक दाबला की वायपर एक सलाम ठोकून परत झोपायचे. दरवाजे मनाला येईल तेव्हा लॉक व्हायचे. एकदा एटापल्लीच्या बाजारात मी आत कोंडला गेलो, किल्ली घेऊन सोमाभाऊ चहाला गेलेले. मी काचेआडून बोटांनी भाव सांगत धंदा केला. लोकांना वाटलं, नवीन योजना आहे.

आणि मुख्य म्हणजे, डाव्या बाजूचा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायचा. उजवीकडे वळताना गाडी गरीब गाय. डावीकडे वळताना भोंऽऽ!

आमची गल्ली रस्त्याच्या डाव्या हाताला आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या वळणावर भोंगा वाजायचा आणि सोमाभाऊ न चुकता मला म्हणायचे, "मी नाई वाजवला. गाडीनं वाजवला."

"कोण म्हणून राह्यलं तुम्ही वाजवला म्हणून?"

"सांगून ठेवलं."

आता त्यांच्या घरातल्या अबोल्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या खात्यात मी बिनपगारी पोस्टमन होतो. सोमाभाऊंच्या बायकोचं नाव पार्बताबाई. नवऱ्याच्या नोकरीत या बाईनं निव्वळ वाट पाहिली. साहेब दौऱ्यावर, म्हणून हे जंगलात. कधी परततील याचा नेम नाही, निरोप धाडायची पद्धत नाही. बाई दारात, भात चुलीवर. रिटायर झाल्यावर तरी माणूस घरी बसेल, अशी तिची समजूत. तर सोमाभाऊ एका दुपारी ही पिकअपच घेऊन दारात हजर. बाईला विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्या दिवशी बाईनं बोलणं बंद केलं. मग सोमाभाऊंनीही केलं. त्यांना ते मुळातच सोपं होतं.

तेव्हापासून आमच्या मधल्या कुंपणापाशी मी उभा.

"बंडूभाऊ, यायले विचारा, भात वाढू का?"

सोमाभाऊ तिच्यापासून दोन हातांवर बसलेले असायचे. तरी मी विचारायचो, "सोमाभाऊ, भात वाढू का?"

"थोडासाक, म्हणा."

एकदा मी पदरचा गोडवा घातला. म्हटलं, "बाई, भाजी झकास झाली म्हणतात." बाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाजी अजून चिरून राह्यली मी."

तर, गाडी. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून निदान केलं की दोष फ्यूजमध्ये आहे. सगळे फ्यूज काढून पुसले, फुंकर मारली आणि सुंदर ओळीत परत बसवले. ओळ सुंदर होती, जागा चुकल्या होत्या. आधी वायपर नुसता सलाम करायचा, आता इंडिकेटर दिला की काचेवर पिचकारीही मारू लागला. सोमाभाऊ रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बंडू, तू भांडे वीक."

आणि मग ती संध्याकाळ. बाजाराहून परतताना सागाच्या जंगलात दिवेलागणीच्या वेळी दोन्ही हेडलाइट गेले. मी खिडकीतून अर्धा बाहेर लटकून मोबाईलचा टॉर्च धरला आणि बैलगाडीच्या चालीनं आम्ही घर गाठलं. पार्बताबाई दारात उभी होती. तिनं नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं, मग माझ्याकडे वळली.

"यायले सांगा, गाडी दुरुस्त नाई केली, तर मी पोंभुर्ण्याले भावाकडे चालली. अन् मंग येणार नाई."

हा निरोप मी पदरचं काही न घालता दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शकीलभाईच्या गॅरेजात. त्यानं स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि आतून एक काळी डबी काढून दाखवली. तिच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता.

"बीसीएम आहे ही. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. समजा, गाडीची सरपंच. दिवे, वायपर, हॉर्न, दरवाजे, सबका ठराव इथंच पास होतो. काचेच्या रबरातून पाणी पाझरलं भाऊ, सरपंच सडली."

"फक्त दिव्याचं कर," सोमाभाऊ म्हणाले. "बाकीचं राहू दे."

"वैसा नहीं होता, भाऊ. बदलली तर पुरीच बदलते."

"हॉर्नचंही ठीक होईल?"

"एकदम!"

सोमाभाऊ बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिले. मला वाटलं, माणूस खर्चाचा विचार करतोय. मी भांडीवाला, मला दुसरं काय वाटणार?

नवी डबी चंद्रपूरहून आली. शकीलभाईनं आधी बॅटरीची वायर सोडली, मग डबी बसवली, मग आपला स्कॅनर जोडून म्हणाला, "दोन्ही चाव्या पाहिजेत. नवी सरपंच आहे, चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू करू देणार नाही." दुसरी किल्ली घरी होती, म्हणून मी धावलो. पार्बताबाईनं ती तांदळाच्या डब्यातून काढून दिली.

"दिवे नीट पाहून घेजा, म्हणा."

"दिवेच काय, सगळं ठीक होऊन राह्यलं! तो मेला हॉर्नसुद्धा बंद. तुमची रोजची कटकट गेली, बाई!"

बाई चुलीकडे वळली. डब्याचं झाकण लावायचं मात्र राहून गेलं.

गाडी दुरुस्त झाली. वायपर झोपले, दरवाजे सुधारले, दिवे असे पडले की पहिल्यांदाच रस्त्यातले खड्डे मोजता आले. संध्याकाळी आम्ही परतलो. कडुलिंबाच्या वळणावर सोमाभाऊंनी डावा इंडिकेटर दिला. टिकटिक, टिकटिक. बस. ते माझ्याकडे वळले, रोजचं वाक्य सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी भांडी उतरवून घरात गेलो. हातपाय धुऊन कुंपणाशी आलो, तर सोमाभाऊ अजून गाडीतच. दोन्ही हात स्टिअरिंगवर. पलीकडे, घराच्या मागच्या बाजूला, पार्बताबाई चुलीपाशी बसलेली. चूल पेटलेली नव्हती. ती कान देऊन बसली होती.

"बंडूभाऊ," ती हळूच म्हणाली, "आले नाई का हे अजून?"

तेव्हा कुठे या पितळी डोक्यात उजेड पडला. रोज भोंगा वाजला की या घरात चूल पेटायची, ताटाचा आवाज यायचा. मी रोज ऐकत होतो. जन्मभर न सांगता आलेल्या त्या माणसाचा 'आलो' म्हणणारा निरोप ती सडकी डबी पोचवत होती, आणि ती बदलायला किल्ली घेऊन मीच धावलो होतो!

मी गाडीपाशी गेलो. "सोमाभाऊ, बाई विचारून राह्यली, आले का म्हणून."

"मंग सांग ना तू, आले म्हणून."

"मी नाई सांगत. तुम्ही वाजवा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते म्हशीकडे बघतात. मीही हललो नाही. शेवटी त्यांनी गाडी सुरू केली, मागे घेत घेत पार कडुलिंबापर्यंत नेली. डावा इंडिकेटर लावला. वळले. आणि बोट भाजेल अशा भीतीनं हॉर्नला हात लावला.

पीप.

पिकअपचा कसला, लहान पोराच्या सायकलचा वाटावा असा आवाज. पण मागच्या बाजूला काडी ओढल्याचं ऐकू आलं, मग धूर दिसला. सोमाभाऊ अंगणात आले, चपला काढून ओट्यावर बसले. पार्बताबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"आज काऊन येवढ्या हळू वाजला?"

मी सवयीनं निरोप पोचवायला वळलो. पण बाई माझ्याकडे बघत नव्हती.

"मी वाजवला," सोमाभाऊ म्हणाले. "गाडीनं नाई."

मी कुंपणावरून हात काढला आणि घरात गेलो.