जाळीत अडकलेले राधाकृष्णराव

रिटायर झाल्यावर राधाकृष्णरावांनी हिंगोलीतल्या घरामागं करवंदाची जाळी लावली. माळावर फुकटात येणाऱ्या करवंदाला नळाचं पाणी घालणारा माणूस गल्लीनं तोवर पाहिला नव्हता. पण त्यांना एकच ध्यास होता. गंगूताईंनी, म्हणजे बायकोनं, आपल्या हातचं एक तरी फळ खाऊन 'गोड आहे' म्हणावं. आजवर त्यांनी लावलेली पपई नर निघाली आणि लिंबाला काट्यांशिवाय काही लागलं नाही. "यांच्या हाताला यशच न्हाई," असं गंगूताई आल्या-गेल्याला सांगत.

यंदा वैशाखात मात्र जाळी लगडली. राव हरखले. पण करवंद काळं पडलं की दुसऱ्या दिवशी गायब! त्यांनी बुलबुलांना शिव्या घातल्या. ऑफिसचा जुना शर्ट घालून बुजगावणं उभं केलं. (बुलबुल त्याच्या खांद्यावर बसत. ऑफिसातही त्या शर्टाला कुणी भीत नव्हतं.)

शेवटी त्यांनी ठरवलं, वरवरची पाखरांनी नेली, पोटातली तरी आपण काढू. वाटी घेतली, वाकले, शिरले. एक टपोरं काळंभोर करवंद हाताला लागलं, ते तोडून मुठीत धरलं आणि तेवढ्यात सदरा, बनियन, पायजमा, सगळं काट्यांनी धरलं. पुढं सरकावं तर कान फाटतोय, मागं यावं तर... (जाऊ द्या, घरात लेकीबाळी वाचतात.)

"अगं ए! ऐकलं का?"

"काहून ओरडून राहिले?"

"अडकलोय!"

"कुठं?"

"जाळीत!"

"अगं बाई! तिथं कशाला मरायला गेले?"

आवाज ऐकून शेजारचे सोनाजी कोयता घेऊन धावले. समोरच्या सोजराबाई खुर्ची घेऊन आल्या.

"काका, तुमी हलू नका. आमी फांद्या छाटतो," सोनाजी म्हणाले.

"खबरदार! फांदीला हात लावू नको. पायजमा फाड!"

"पायजमा काहून फाडायचा?" गंगूताई कडाडल्या. "नवाकोरा हाय, अजून पाण्यात बी पडला न्हाई. तोडा हो भाऊ जाळी!"

"अगं, लेकरासारखी वाढवलीय मी तिला!"

"मोठी झाल्यावर लेकरं बी अशीच बोचकारतात," सोजराबाईंनी बसल्या जागी अनुभव सांगितला.

कोयता चालला. एकेक फांदी पडत होती आणि राव आतून "अरे हळू! अरे, ती राहू दे!" असं कळवळून ओरडत होते. थोड्या वेळानं जाळी भुईसपाट झाली. वाटी सोनाजींच्या पायाखाली आली, पिकलेली-कच्ची सगळी करवंदं तुडवली गेली. वांग्यांना कुंपण होईल म्हणून सोनाजींनी फांद्याही ओढत नेल्या. मोकळ्या परसात राव रक्तबंबाळ उभे होते, पायजमा मात्र शाबूत होता. त्यांना रडूच फुटलं.

मग त्यांना मुठीतलं आठवलं. मूठ उघडून त्यांनी हात पुढं केला.

"हे एकच वाचलं बघ. तू खा. फक्त गोड आहे का, तेवढं सांग."

गंगूताईंनी करवंद पदराला पुसलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं.

"गोड हाय."

रावांना धन्य धन्य वाटलं. जाळी गेली तर गेली, जन्माचं सार्थक झालं!

"पण," गंगूताई बोटं चाटत म्हणाल्या, "रोज सकाळी पूजेची फुलं तोडताना खात होते न मी, ती बाहेरच्या अंगाची याच्याहून गोड होती."