कूलरचं रसग्रहण

जठारपेठेत रामराव वकिलांच्या दारात चपला काढता काढता प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याला शेवटची ताकीद दिली. "आज तोंड फक्त पोहे खायले उघडा. पोरापोरीचं पक्कं हाये, आपल्याले नुसतं हो म्हनाचं हाये. कोनाले शिकवू नका."

"मी कावून शिकवू?" उद्धव सर म्हणाले. बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं.

उद्धव सर म्हणजे अमरावतीच्या क्लासमधलं दहावीच्या मराठीचं बडं प्रस्थ. 'हमखास रसग्रहण' ही त्यांची खासियत. कविता झाडावर असो की पोस्टमनवर, सरांच्या ओळी ठरलेल्या. वरवर साधी दिसणारी ही कविता वेगळंच काही सांगते, त्यातली वस्तू हे प्रतीक आहे, आणि त्यामागे कवीचं अपूर्ण प्रेम आहे! पोरं डोळे मिटून हेच लिहीत आणि गुण घेऊन येत. सरांनी स्वतः एखादी कविता शेवटची कधी वाचली होती, देव जाणे.

पोहे झाले. सरांचा अद्वैत आणि वकिलांची इशिता एकमेकांकडे न बघण्याचं नाटक मन लावून करत होते. चहा यायचा होता, तेवढ्यात वकिलांनी कपाटातून आपल्या कवितांची वही काढली.

"सर, तुमच्यासारखा मानूस रोज रोज घरी येते का? दोन शब्द बोलाच." आणि खिडकीत घरघरणाऱ्या कूलरवर आवाज चढवून त्यांनी 'कूलर' याच नावाची कविता वाचली.

"वैशाखात एक तुझाच आधार,
खिडकीत उभा तू गारेगार.
वाळ्याचा सुवास खोलीत भरतो,
तुझ्यावाचून जीव नाही उरतो."

प्रमोदिनीबाईंनी डोळे वटारले. पण वीस वर्षांची सवय ती! सर उभेच राहिले.

"वकीलसाहेब, हा कूलर नाही."

"नाही?" रामरावांनी खिडकीकडे बघून खात्री केली.

"प्रतीक आहे! खिडकीच का? दार का नाही? कारण हे नातं उघडपणे घरात घेता येत नाही. वाळ्याचा सुवास ही तिची आठवण. अहो, ही अपूर्ण प्रेमाची कविता आहे!"

रामराव हरखले. कोर्टात त्यांनी वही काढली की वकील मंडळी तारीख असल्यासारखी पांगत. आणि इथं चक्क प्रतीक निघालं होतं! "वा सर, वा!"

"कोनाचं अपूर्ण प्रेम?" चहाचा ट्रे घेऊन वकिलांच्या पत्नी गीतांजलीबाई दारात उभ्या होत्या.

शहाण्या नवऱ्यानं इथं मुकाट कूलरकडे बोट दाखवलं असतं. पण रामरावांना नुकतंच कवी झाल्यासारखं वाटत होतं. त्यांनी सुस्कारा सोडला. "कलावंताचं असं सांगता येत नाही, गीता."

ट्रे असा आदळला की निम्मा चहा बशीत आला. "आपल्या कूलरले तं साधं गवत हाये. वाळा कोनाच्या घरी होता?"

"तो... बाळापूरच्या खोलीवर होता."

"बाळापूरले तुमची खोली होती?"

"अवं, कोर्टाचे कागद ठेवायले!"

"कागदाले कूलर लागते?"

तीस वर्षं लोकांची उलटतपासणी घेतलेला माणूस तीन प्रश्नांत आडवा झाला. गीतांजलीबाई मुलीकडे वळल्या. "इशिता, पेढे आत ठेव. आधी मले खोलीचं पाहू दे, मंग लग्नाचं पाहू."

इशिताचा चेहरा उतरला. अद्वैतनं बापाला कोपरानं ढोसलं. सरांना कूलरसमोर घाम फुटला. "वहिनी, कूलर म्हणजे कूलरच आहे हो!"

"आता माघार नाही, सर!" रामराव उसळले. "तुमी पयले बोलले तेच खरं."

मग मात्र प्रमोदिनीबाई उठल्या. "वहिनी, यायचं बोलनं काय मनावर घेता? अद्वैत, या पेढ्याच्या डब्यावर रसग्रहण म्हन."

अद्वैतनं पाढा म्हणावा तसं सुरू केलं. "वरवर साधा दिसणारा हा डबा वेगळंच काही सांगतो, हे प्रतीक आहे, यामागे अपूर्ण प्रेम आहे..."

"पाह्यलं? पोस्टमनच्या कवितेतबी यायनं हेच काढलं होतं."

"खरं हाये, सर?" गीतांजलीबाईंनी विचारलं.

एकीकडे वीस वर्षांची इभ्रत, दुसरीकडे पोराचं लग्न. सर खाली बसले. "खरं आहे. मी कविता नीट ऐकलीच नव्हती."

"मंग खोली कागदाचीच असन," म्हणत गीतांजलीबाईंनी कपाळावरची आठी सोडली, ती थेट रामरावांच्या कपाळावर जाऊन बसली. "म्हंजे माह्या कवितेत काहीच नाही? हे अशी थट्टा करनाऱ्या घरी मी पोरगी देऊ?"

अद्वैतनं डोकं धरलं. सरांनी मुकाट्यानं वही ओढली, चष्मा लावला आणि कविता वाचली. पुन्हा वाचली.

"आहे, वकीलसाहेब," ते हळूच म्हणाले. "उन्हातून करपून आलेल्या माणसाला गार करणारं घरात कोणीतरी आहे. त्याची घरघर रोजचीच, म्हणून कानाला जाणवत नाही. बंद पडली की जीव कासावीस होतो. यातला 'तू' म्हणजे वहिनी आहेत."

रामरावांनी कोर्टात कधी हलवली नव्हती इतक्या जोरात मान हलवली.

"तोंडी नाही चालत आमच्यात," गीतांजलीबाई म्हणाल्या. "लिहून द्या. अन् 'घरघर' लिहू नका."

सरांनी वहीतच कवितेखाली रसग्रहण लिहिलं, तारीख टाकली, सही ठोकली. आणि हाताला वळणच तसं, म्हणून समासात गोल करून गुणही देऊन टाकले. चारपैकी साडेतीन.

रामरावांनी वही डोळ्यांजवळ नेली. "अर्धा कावून कापला, सर?"

प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याच्या हातातलं पेन हिसकावलं, साडेतीनाचे चार करायला.

"राहू द्या, वहिनी," गीतांजलीबाईंनी पेढ्याचा डबा उघडला आणि पहिला पेढा नवऱ्याच्या तोंडात कोंबला. "तीस वर्सांत पुरे मार्क तं मीबी कधी देल्ले नाई."