राहीबाईच्या फिटलेल्या उचलीबाबत निवेदन

माणसे एकमेकांना धरून राहतात ती देण्याघेण्यामुळे. माया नंतर येते. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूबाईंनी रंगुबाईला दोनशे रुपये दिले. तिने आमच्याकडे एकोणीस वर्षे भांडी घासली. पैसे फिटले की नाही, हे दोघींनीही कधी विचारले नाही. त्याला त्या काळी विश्वास म्हणत.

तीच रीत मी सावेडीच्या फ्लॅटमध्ये जपली. रंगुबाईची मुलगी राहीबाई आता माझ्याकडे येते. पाच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी मी पंधरा हजारांची उचल दिली. व्याज घेतले नाही. (फक्त रविवार घेतले.) पगारातून रुपयाही कापला नाही, कापला असता तर उचल फिटली असती. तिने पगारवाढीचे काढले की मी तिच्या नवऱ्याची तब्येत विचारत असे. विषय तिथेच मिटे.

आमच्या सोसायटीत घरे चौदा, उचली अकरा, आणि कामाच्या बायकांच्या रजा वर्षाला सरासरी सव्वा दिवस. इतका सलोखा हल्ली नात्यातही दिसत नाही.

मग सरकार बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार टाकू लागले. आम्हाला कोणी विचारले नाही. गरिबाच्या हाती रोकड टिकत नाही, हा आमचा जुना अनुभव. (बिनअटीची रोकड कधी दिलीच नसल्याने तो चुकलाही नव्हता.) अकराव्या महिन्यात राहीबाईने पंधरा हजार माझ्या ओट्यावर ठेवले.

"अगं, एवढी घाई काय होती?"

"घाई कसली काकू? पाच वर्सं झाली." मी नोटा मोजेपर्यंत ती थांबली. "आता रविवारी येनार न्हाई. अन् पगाराचं बी बोलायचं हाय. इतके दिस तोंड उघडत नव्हतं."

उचल फिटल्यावर पुढचे दीड हजार कुठे जातात, हे पाहणे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा सुमेधाताईंना कर्तव्य वाटले. रविवारी दुपारी आम्ही दोघी रिक्षाने केडगावला तिच्या घरी गेलो. दार उघडे, पंखा चालू, राहीबाई चटईवर गाढ झोपलेली. शेजारची चांगुणा निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून आडवी आली.

"उठवू नका. पाच वर्सांचं राहिलंय तिचं."

सुमेधाताईंनी वहीत नोंद केली : 'रकमेचा विनियोग – झोप.' परत येताना त्या बोटांवर महिने मोजत होत्या. त्यांच्याही बाईची उचल फिटायला सरकारचे तीनच हप्ते राहिले होते.

मंडळाने निवेदन तयार केले आहे. मदतीला आमचा विरोध नाही. ती मालकिणीच्या सहीने मिळावी, एवढेच. ज्या वाचकांना पाठिंबा द्यायचा आहे, त्यांनी आपल्या बाईचे नाव, उचलीची रक्कम आणि येण्याच्या वेळा कळवाव्यात. बाईच्या आडनावाचा रकाना काढून टाकला आहे; तो अजून कोणालाच भरता आलेला नाही.