वरची फट

काच पुसायची, एवढंच मी ठरवलं होतं. पुढे जे काही झालं त्याला मी जबाबदार नाही, असं लिहिणार होतो. पण हे सासरे वाचतील. तेव्हा जबाबदार मीच.

आमच्या बैठकीच्या खोलीत कमरेएवढी लोखंडी शेगडी आहे. पोटात लाकडं, पाठीला धुराडं आणि पुढे काचेचं दार. काचेचं दार सासऱ्यांनी हौसेनं निवडलं होतं. आग नुसती दिसली तरी निम्मी ऊब मिळते, असं त्यांचं म्हणणं. गेली दोन वर्षं मात्र त्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. काळी कुळकुळीत झाली होती. आग चालू आहे की विझली हे बघायला दार उघडावं लागे, आणि दार उघडलं की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "वारा! वारा येतोय!"

आमच्या सर्बियात माणूस आजारानं मरत नाही, आरपार वाऱ्यानं मरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहिल्या की मान धरते, कान ठणकतात, कंबर गारठते आणि कोणाचा तरी काका जातो. प्रत्येक घरात असा एक काका गेलेला आहे. आमच्या सासूबाईंचे तर दोन. त्यामुळे देसांकाबाईंनी (हे सासूबाईंचं नाव, समोर मी आईच म्हणतो) घरातल्या एकूण एक फटीला पट्टी चिकटवली आहे. दाराखाली वाळूची लांब उशी आहे आणि कुलपाच्या भोकात कापूस.

मी ल्युबिशा. इवान्यित्सा नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून आणि राहत्या घरात घरजावई. सासऱ्यांना मुलगा नाही, रुझित्सा ही एकच मुलगी. म्हणून लग्नानंतर मीच बॅग घेऊन त्यांच्याकडे आलो, त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत घरातली सगळी कामं मला मिळाली, मान एकही मिळाला नाही. आमच्याकडे दर घराण्याचा एक संत असतो आणि त्याचा दिवस, म्हणजे स्लावा, हा घरातला सगळ्यात मोठा दिवस. आमचा संत निकोला, एकोणीस डिसेंबर. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं, लोक आपण होऊन येतात. यजमानानं दिवसभर बसायचं नसतं. पाद्री घरी येतो, तो आणि यजमान मिळून मानाचा पाव हातात धरून गोल फिरवतात आणि मोडतात. अकरा वर्षं तो पाव सासऱ्यांनी फिरवला. मी पाहुण्यांचे कोट धरले.

पण यंदा सासऱ्यांचे गुडघे गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला ते जेवता जेवता म्हणाले, "ल्युबिशा, यंदा पाव तू फिरवावास असं मनात आहे."

माझ्या हातातला चमचा तिथेच थांबला.

"मनात आहे," ते पुढे म्हणाले. "बघू. घर कसं ठेवतोस ते बघू."

मला तो पाव हवा होता. खोटं कशाला बोलू? पाव एकदा हातात आला की घर आपलं होतं. मग कोणी घरजावई म्हणत नाही, निदान तोंडावर तरी. मी खोलीभर नजर फिरवली आणि ती त्या काळ्या काचेवर येऊन थांबली.

तर, काच पुसायची.

ते सोपं निघालं. शेगडी गार असताना ओल्या वर्तमानपत्राला शेगडीतलीच राख लावायची आणि घासायचं. अर्ध्या तासात काच लख्ख झाली. इथे थांबलो असतो तर आज मी यजमान असतो. पण दार उघडं होतं आणि दाराच्या खाचेतली दोरी मला दिसली. दार घट्ट बसावं म्हणून तिथे एक न जळणारी दोरी असते. आमची चपटी होऊन दगडासारखी कडक झाली होती आणि एका कोपऱ्यात तर निघूनच आली होती. याची परीक्षा मला ठाऊक होती. दारात कागद धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. मी खिशातली पाणी तोडण्याची एक नोटीस धरली. ती अशी सहज निघाली, जणू पाणी कधी तोडलंच नव्हतं.

"बाबा, दोरी मेली," मी सासऱ्यांना सांगितलं.

"मग बदल."

"बदलतो."

"तुला येतं?"

"त्यात काय एवढं?"

दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "जाडी किती?"

मी करंगळी दाखवली.

"करंगळीच्या मापात दोरी येत नाही, साहेब. आठ, दहा की बारा?"

"दहा." (मधला आकडा घेतला की चूक झाली तरी अर्धीच होते.)

"खाच खरवडून घ्या, डिंक लावा, दोरी ताणू नका. आणि काचेच्या कडेला चपटी पट्टी असते, तीही देऊ का? जोडीनं बदललेली बरी. लावता येते ना?"

"येते हो." (अशा दुकानात उभं राहून 'येत नाही' म्हणणारा पुरुष आमच्या जिल्ह्यात अजून जन्मलेला नाही. जन्ममृत्यूची नोंद माझ्या शेजारच्या टेबलावर होते, मी विचारून घेतलं आहे.)

दोरी झकास बसली. स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, पण दहाचा आकडाच बरोबर होता. मग मी काच सोडवली. तिची जुनी पट्टी खालच्या कडेला होती, डाव्या कडेला होती, उजव्या कडेला होती आणि वर नव्हती. वर चक्क एक फट होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजेडापुढे धरलं तर पलीकडचं दिसत होतं.

"बघा," मी म्हणालो. "पट्टी वाचवली कारखानेवाल्यांनी."

सासूबाई हात पुसत आल्या. त्यांनी फट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फट बघितली. त्यांचे डोळे भरून आले.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं माझी मान धरतेय. मी म्हणायची, कुठून तरी येतोय वारा. यांनी मला वेडी ठरवलं. कुठून येतोय ते आज दिसलं!"

"आई, बुजवतो मी."

"बुजव रे माझ्या राजा."

अकरा वर्षांत मला पहिल्यांदा राजा म्हटलं गेलं. तिन्ही कडांना मी नवी पट्टी लावली आणि उरलेल्या दोरीचा तुकडा वरच्या फटीत असा ठासला की सुईला जागा राहिली नाही. सासूबाई शेजारी बसून बोटानं चाचपून बघत होत्या. "इथे, इथे थोडी सैल वाटते." रुझित्सा दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"दोघं मिळून काय चाललंय?"

"वारा बंद करतोय," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"कारखान्यानं फट उगाच ठेवली असेल का?"

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "मान माझी धरते, तुझी नाही."

संध्याकाळी सासऱ्यांनी स्वतः कागदाची परीक्षा घेतली. कागद निघाला नाही, फाटला. त्यांनी हातातला अर्धा कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "पाव तू फिरवशील."

आता कोणी विचारेल की शेगडी पेटवून का नाही बघितली? बघणार होतो. पण सासूबाई आडव्या आल्या. एवढी लख्ख काच पाहुण्यांच्या आधी काळी करायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यामुळे स्लावाच्या आधीचे चार दिवस आम्ही एका छोट्या विजेच्या हीटरभोवती कोट घालून बसलो आणि स्वच्छ काचेतून रिकामी शेगडी बघत राहिलो. फार सुंदर दिसत होती.

एकोणीस तारखेला सकाळी मी नवा शर्ट घालून आग पेटवली. ढलप्या धरेपर्यंत दार थोडं किलकिलं ठेवलं होतं, तेव्हा आग अशी नाचत होती की सासरे खुर्ची ओढून समोर बसले. मग लाकडं घातली आणि दार लावलं. दार 'खट्' करून बसलं. आवाज ऐकूनच मन भरून आलं.

नऊ वाजता काच दुधाच्या चहाच्या रंगाची झाली. साडेनऊला कोऱ्या कॉफीच्या. दहा वाजता सासऱ्यांनी विचारलं, "ल्युबिशा, आग आहे का आत?"

"आहे की."

"कुठे?"

मी दार उघडलं. आतली लाकडं नुसती धुमसत होती. जेवढा धूर आत कोंडला होता तो सगळा माझ्या नव्या शर्टावरून खोलीत आला. दार लावलं तर आग मरत होती, उघडलं तर आम्ही मरत होतो. पहिले पाहुणे याच वेळी आले. मग दुसरे आले. आमच्याकडे स्लावाला आलेला माणूस धुरानं परत जात नाही. सगळे टेबलाभोवती बसले, रकियाचा, म्हणजे आमच्या फळांच्या दारूचा, पेला उचलून "घराला बरकत" म्हणाले आणि खोकले. उपासाचे दिवस, म्हणून टेबलावर मांस नव्हतं, पाच प्रकारचे मासे होते. ते आधी भाजलेले होते, आता धुरावले.

"दोरी बदललीस ना तू?" रुझित्सा माझ्या कानात म्हणाली.

"दोरी उत्तम आहे."

"दिसतंय ना. काहीच दिसत नाहीये."

अकराला फादर गाव्रिलो आले. त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून खोलीकडे बघितलं. डोळे पुसले.

"सकाळपासून हे नववं घर," ते म्हणाले. "आठ घरांत रडलो नव्हतो. खिडकी उघडा."



"खिडकी?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि तिच्या समोरचं दार. धूर जाणार कसा?"

"दोन्ही? एकदम? फादर, माझे दोन काका..."

"ते माझ्याच चर्चमधून गेले. उघडा."

त्यांनी आपल्या हातानं पट्टी ओरबाडून खिडकी उघडली. समोरचं दार पाहुण्यांनी सताड उघडलं. डिसेंबरचा वारा खोलीत घुसला, आणि टेबलाच्या मधोमध लावलेली स्लावाची मोठी मेणबत्ती आडवी झाली. ती मेणबत्ती वाऱ्यानं विझणं म्हणजे काय, ते इथे कोणाला सांगावं लागत नाही. वर्षभर घरात जे काही वाईट होईल ते त्या मेणबत्तीच्या खात्यावर जातं. सासूबाई किंचाळल्या. मी उडी मारली. खुंटीवरचा कोणाचा तरी कोट (सवयीनं तोच हाताला लागला) दोन्ही हातांनी पसरला आणि खिडकी आणि मेणबत्तीच्या मध्ये उभा राहिलो. ज्योत थरथरली आणि पुन्हा सरळ झाली.

"हलू नकोस!" सासरे ओरडले.

"नाही हलत."

"चला, मग सुरुवात करू," फादर म्हणाले. "यजमान कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात कोटात होते. फादर मानाचा पाव हातात घेऊन उभे होते. हात खाली केला तर मेणबत्ती जाणार, नाही केला तर पाव. सासरे दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि त्यांनी पाव फिरवला. मी कोटाच्या कडेवरून बघितला. एकदा, दोनदा, तीनदा फिरला. मग मोडला. मला फार वाईट वाटलं.

प्रार्थना झाल्यावर फादर शेगडीपाशी वाकले. दाराच्या वरच्या कडेला त्यांनी बोट धरलं.

"इथली फट कोणी बुजवली?"

"आम्ही," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "तिथून वारा यायचा."

"यायलाच हवा. ही हवा वरून काचेवर उतरते, त्यानं काच स्वच्छ राहते आणि आग जगते. बाजूनं सगळं बंद करायचं, वरचं सोडायचं. मुद्दाम ठेवतात ती."

त्यांनी चिमट्यानं माझी दोरी धरून ओढली. इतकी ठासलेली की फादरांना एक पाय शेगडीच्या बुडाला लावावा लागला. दोरी निघाली. आधी काही झालं नाही. मग आत 'भुस्स' झालं आणि लाकडं धरली. पाऊण तासात काचेच्या मधोमध तळहाताएवढं उजेडाचं गोल उघडलं, आणि पाहुणे माशाचे काटे बाजूला ठेवून त्या आगीकडे बघत बसले. "काय सुंदर दोरी बसवलीय दाराची," फादर निघताना म्हणाले. हे माझ्यासाठी होतं, पण त्यांनी ते सासऱ्यांना सांगितलं.

धूर जायला अजून वेळ लागणार होता, तेव्हा खिडकी उघडीच राहिली आणि मीही उभाच. सासूबाईंनी आपली खुर्ची उचलून बरोबर माझ्या मागे, आडोशाला आणून ठेवली.

"आई, जरा कोणी तरी धरता का?"

"कशाला? तू छान उभा आहेस. माझ्या मानेला काहीसुद्धा लागत नाहीये."

मी सासऱ्यांकडे वळलो, म्हणजे मान वळली तेवढी. "बाबा, पुढच्या वर्षी पाव..."

"बघू," ते म्हणाले. पण या वेळी त्यांनी माझ्या तोंडात माशाचा एक तुकडा भरवला. यजमान माणसाला त्या दिवशी खायला वेळ मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं. मला वाटलं, झालं, आपण घरातले झालो.

तेवढ्यात बेलग्रेडहून सासऱ्यांचे जुने मित्र आले. पंचवीस वर्षांनी येत होते, मला त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांची गळाभेट घेतली आणि खिडकीत कोट पसरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे कोण?"

"आमचे जावई," सासरे म्हणाले.

"अरे वा! काय करतात?"

सासऱ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मायेनं सांगितलं, "वारा अडवतात."