मर्ल हॉगस्टॅड यांचं संपूर्ण मत

शाळा मंडळाच्या उमेदवाराला शिक्षणाविषयी काही मत असावं लागतं, हा समज जगात फार जुना आहे. आमच्या प्लम फोर्कमध्ये तो टिकला नाही. नेब्रास्काच्या वाऱ्यात छपरं टिकत नाहीत, तिथे समजांचं काय घेऊन बसलात. आमच्याकडे उमेदवाराला लागते ती अंगणात रोवायची प्रचाराची पाटी, आणि ती पाटी रोवू देणारे शेजारी. मत नंतर येतं. कधी कधी फारच नंतर येतं.

मतदारांच्या सोयीसाठी एका यशस्वी उमेदवाराची माहिती खाली देत आहे.

जन्म आणि वास्तव्य. मर्ल हॉगस्टॅड, प्लम फोर्क. जन्म इथलाच. (ही पात्रता समजली जाते. शेजारच्या तालुक्यात जन्मलेले आमचे पाद्री इथे तीस वर्षं प्रवचन देत आहेत, पण अजून त्यांना ‘नवीन आलेले’ म्हणतात.)

शिक्षण. याच शाळेत. मर्ल शिकत असताना फुटबॉलचा संघ राज्याच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. आमच्या जिल्ह्याची शैक्षणिक कामगिरी विचारली की हीच सांगतात.

व्यवसाय. धान्याच्या कोठारात ट्रकचं वजन करणे. निवृत्त.

कुटुंब. पत्नी लोर्ना. तीन मुलं. तिघंही नीट शिकली, त्यामुळे गावात कुणी नाही. (आमच्याकडे यशस्वी शिक्षणाचा हाच निकष आहे. नापास झालेली मुलं गाव चालवतात, आणि बरं चालवतात.)

शिक्षणविषयक मतं. इथे थोडं थांबावं लागेल.

आमच्या मंडळाच्या सभेत कुणाही नागरिकाला बोलता येतं. तीन मिनिटं. अध्यक्ष फिलिस ऑक्सनर यांनी त्यासाठी घरून अंडी उकडायचं घड्याळ आणलेलं आहे, कोंबडीच्या आकाराचं. कोंबडी वाजली की बसायचं. मंडळ उत्तर देत नाही, तसा नियमच आहे. नागरिकाचं म्हणणं पूर्ण ऐकलं तर उत्तर द्यावंसं वाटण्याचा धोका असतो. तो या नियमाने टळतो.

त्यात मर्ल पडला आमच्या भागातला सभ्य माणूस. सभ्य माणसाची आमच्याकडची रीत अशी, की नाही म्हणायचं असेल तर आधी भरपूर हो म्हणून घ्यायचं. लोर्नाच्या बहिणीने ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल तिसऱ्यांदा वाढायला घेतलं तर मर्ल आधी बटाट्याची स्तुती करतो, मग चीजची, मग भांड्याची, आणि शेवटी ‘पण’ म्हणतो. तोवर ताटात वाढून झालेलं असतं. मर्लचं वजन याच कारणाने वाढलं, असं डॉक्टरांचंही मत आहे.

सभेतली त्याची भाषणं मी स्वतः ऐकली आहेत. त्यातली काही:

*आठवड्यात चारच दिवस शाळा असावी का?* ‘चार दिवसांत बसचं डिझेल वाचतं. मुलं शुक्रवारी शेतावर हाताशी येतात. शिक्षकांना दम खाता येतो. माझ्या शेजाऱ्याचं म्हणणं मला मोलाचं वाटतं, पण

(कोंबडी.)

*ग्रंथालयातली काही पुस्तकं काढावीत का?* ‘आईबापांना काळजी वाटते, आणि ती वाटायलाच हवी. मुलाच्या हातात काय पडतं ते घराला कळलं पाहिजे. या माउल्यांचा मी आदर करतो, पण

(कोंबडी.)

*मैदानावर कृत्रिम गवत?* ‘पोरांचे गुडघे महत्त्वाचे आहेत. माझा डावा गुडघा साक्षीला आहे. आणि गवत एकदा घातलं की पाणी घालायला नको. तरीदेखील

(कोंबडी.)

परिणाम असा झाला की चार दिवसांवाले, पुस्तकंवाल्या माउल्या, गवतवाले, आणि या तिघांचंही तोंड न पाहणारे करकपातवाले, या सगळ्यांची मर्ल हा आपलाच माणूस आहे अशी खात्री पटली. माझ्या हिशोबाने गावातल्या दर दहा माणसांपैकी बारा जण त्याच्या बाजूने होते. (दोघं दोन गटांत होते.)

त्याच्या विरोधात आयलीन ब्रँडवोल्ड होत्या. निवृत्त गणित शिक्षिका. त्यांनी आपली सगळी मतं छापून घरोघर वाटली, कारणांसकट. ही गंभीर चूक होती. प्रत्येकाला त्यात आपल्याला न पटणारं एक वाक्य सापडलं, आणि तिथे वाचन थांबलं.

आता वांडा सेडलाचेकविषयी.

वांडा राहते केटल क्रीकला, गावापासून लांब, टेकड्यांच्या पलीकडे. तिथे एक छोटी शाळा आहे. एक व्हरांडा, दोन खोल्या, आणि वांडाची सहा वर्षांची टेसा धरून अकरा मुलं. ती शाळा बंद करायची का, हाच या निवडणुकीतला खरा प्रश्न होता. शाळा बंद झाली तर टेसाला उजाडायच्या आत बसमध्ये बसावं लागणार, आणि बस सगळ्या टेकड्या फिरून गावात पोचेपर्यंत पहिला तास सुरू झालेला असणार. टेसाला बस लागते. अर्ध्या वाटेत पोटातलं सगळं बाहेर येतं. वांडाला याहून मोठं राजकारण ठाऊक नव्हतं.

मर्ल तीन मिनिटं केटल क्रीकच्या शाळेवर बोलला तेव्हा मी वांडाच्या शेजारीच होतो. छोट्या शाळेत प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात, तो म्हणाला. तिथली रोपटी मुलांनी लावलेली आहेत, म्हणाला. शाळा गेली की वस्ती जाते, म्हणाला. मग कोंबडी वाजली. वांडाचे डोळे भरले होते. सगळ्यांत जास्त पाट्या तिने रोवल्या, गोठलेल्या जमिनीत, हातोड्याने.

मर्ल निवडून आला.

मंडळाच्या सदस्यांना कोंबडी लागू नाही.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. केटल क्रीकचा विषय निघाला त्या सभेला हॉल भरलेला होता. मर्ल उठला आणि बोलू लागला. प्रत्येक मुलाला नावाने हाक. रोपटी. वस्ती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग, आपलं काम झालं की पुढच्यांसाठी खुर्च्या मोकळ्या कराव्यात या आमच्या चांगल्या सवयीप्रमाणे, सगळे निघाले. पलीकडच्या हॉलमध्ये मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना रंगात आला होता आणि तिथे रनझाही गरम होते. (कोबी आणि खिमा भरलेला पाव. या पदार्थासाठी आमच्याकडे याहून मोठे प्रश्न सोडून दिलेले आहेत.) मीही गेलो.

वांडा राहिली. टेसाच्या बुटाची चेन अडकली होती.

त्यामुळे मर्लच्या ‘पण’च्या पुढचं प्लम फोर्कच्या इतिहासात पहिल्यांदा ऐकलं ते वांडाने, एका गुडघ्यावर बसून. पण बॉयलर जुना आहे. पण छताला आधार उरलेला नाही. पण अकरा मुलांसाठी दोन शिक्षक ठेवले तर गावातल्या वर्गात पस्तीस मुलं बसतात. चार विरुद्ध दोन. शाळा बंद.

पुढचं वांडाने मला सांगितलं, आणि फिलिसनेही. दोघींचं जुळतं.

“मर्ल, अरे तू शाळा ठेवायची म्हणत होतास!”

“मी नव्हतो म्हणत, वांडा. लोकांचं काय म्हणणं आहे ते आधी सांगत होतो. मला पुढे जाऊ दिलंय का कुणी?”

“माझ्या अंगणात तुझी पाटी आहे!”

“ती तू मागून घेतलीस. मी आलो होतो ना, बसून सगळं सांगायला? तू म्हणालीस, मर्ल, ओव्हनमध्ये कोलाची भाजायला ठेवलीय, जळेल.”

“मग जळू द्यायची की!” वांडा ओरडली. “सांगायचंस की मला!”

“तू दोन खायला दिलीस,” मर्ल म्हणाला. “जर्दाळू भरलेल्या, गोड. तोंड भरलेलं होतं.”

फिलिस म्हणाली, “वांडा, चर्चा संपली आहे. काही म्हणायचं असेल तर पुढच्या सभेत. तीन मिनिटं.”

आयलीनबाईंनी वाटलेल्या कागदांच्या चौथ्या पानावर केटल क्रीकची शाळा कशी चालू ठेवता येईल, याचा आकड्यांसकट हिशोब होता. हे मला नंतर कळलं. वांडाला त्याहून नंतर. ती चौथ्या पानापर्यंत गेली नव्हती. दुसऱ्या पानावर गृहपाठ वाढवावा असं लिहिलेलं होतं.

आता टेसा अंधारात बसची वाट पाहते, कोटाच्या खिशात कागदी पिशवी घेऊन. वांडा शेजारी उभी असते, बस वळणाआड जाईपर्यंत. लोकांना फार वाईट वाटतं. लोक तिला हात करून जातात.

आणि म्हणूनच एक आनंदाची बातमी. मंडळाच्या पुढच्या निवडणुकीला वांडा सेडलाचेक उभी आहे. पाट्या लागल्या आहेत. चार दिवसांवाल्यांनी लावल्या, माउल्यांनी लावल्या, गवतवाल्यांनी लावल्या. माझ्याही अंगणात एक आहे. वांडा परवा दारात आली होती आणि म्हणत होती की मी काय काय करणार आहे ते एकदा बसून सांगते. मी म्हटलं, वांडा, तू सांगायची गरज आहे का? पोरीला थंडीत घेऊन उभी असतेस, आम्ही बघत नाही का?

तुमचंही मत तिलाच आहे, मला ठाऊक आहे. मघापासूनच आहे. बाईने सोसलंय, आई आहे, बोलते सरळ. आता ग्रंथालयातली पुस्तकं, शिक्षकांचे पगार, आठवड्याचे दिवस, आणि त्या पस्तीस मुलांचा वर्ग, यांविषयी तिचं काय म्हणणं आहे ते मला सांगा.

बघा बरं. आणि नेब्रास्काचे लोक भोळे, असं तुम्ही म्हणत होतात.