मोंग्रेलूच्या दुसऱ्या घोषाची बखर

मोंग्रेलू गावचे वृत्त आजवर कोणी लिहिले नाही, कारण लिहिण्याजोगे घडले नाही. सांप्रत घडले, ते येणेप्रमाणे.

मोंग्रेलूचा मुलूख विकट. वर टेकडी, टेकडीवर चर्च, तळाशी नदी, नदीकाठी खालची आळी, आणि तेथील बंधाऱ्याचे पाणी अहोरात्र गर्जना करी. पूर्वी चर्चात दोन घंटा होत्या. राज्यक्रांतीच्या धामधुमीत सरकारी माणसे आली आणि धाकटी घंटा तोफ ओतण्यास घेऊन गेली. ती तोफ कोठे उडाली, की उडालीच नाही, याचा ठाव नाही. मग थोरलीने धाकटीची चाकरी आपल्या अंगावर घेतली. तास वाजवी, दोन मिनिटे दम खाई, आणि तोच तास पुन्हा वाजवी. पहिल्या घोषास कान टवकारावे आणि दुसऱ्यास ठोके मोजावे, ऐसा खालच्या आळीचा शिरस्ता पडला.

ऐशा गावच्या महापौर मादाम ओदिल मार्सोदों सुखाने राज्य करीत असता, पॅरिसहून मस्यू गास्पार लेर्मीन, विमा खात्यातील निवृत्त सरदार, घंटाघराच्या ऐन बगलेस घर घेऊन उतरले, आणि काही वर्षे दम धरून मग अर्जांचा मारा आरंभिला की, एकदा वाजले ते समजले, पुन्हा वाजविणे हा जुलूम होय. कचेरीत मसलत बसली. सदस्यांस शौर्य बहुत, परंतु कोर्टाचे भय त्याहून बहुत. सबब आठवडाभर दुसरा घोष बंद ठेवून पाहावा ऐसे ठरले. घंटा अलीकडे विजेवर वाजे, सबब ओदिलबाईंनी स्वहस्ते विजेच्या पेटीतील दुसऱ्या घोषाचे बटण बंद केले आणि त्या दिवशी चीज न खाताच पानावरून उठल्या.

वर्तमान कळताच खालच्या आळीचे मुखत्यार, बाईंचे दीर फिर्मँ, चिखलाच्या बुटांनिशी कचेरीत दाखल झाले.

"वहिनी, त्या पाण्याच्या आवाजात पहिले ठोके मोजायचे कुणी? आम्ही आपले उद्यापासून सेंत-ओर्बांच्या घंटेवर जेवणार."

"भावजी, रविवारपर्यंत थांबा."

"मी थांबेन हो. सूप थांबत नाही."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. सेंत-ओर्बां म्हणजे नदीपलीकडील पिढीजात वैरी. आज आळी त्यांच्या घंटेवर जेवेल, उद्या त्यांच्या जत्रेत नाचेल, परवा त्यांच्यातच सामील होईल, आणि मोंग्रेलू म्हणून टेकडीवर एक चर्च आणि एक मस्यू लेर्मीन तेवढे उरतील.

इकडे मस्यूंनी फत्तेची मेजवानी मांडिली आणि पॅरिसहून व्याही-विहीणबाईंस पाचारण केले. कोकराची तंगडी ओव्हनात चढविली, ती बाराच्या घंटेस उतरावयाची. मनगटी घड्याळ खणात पडले होते, कारण घंटाघराच्या बगलेस राहून ते बांधण्याची सवय मोडली होती. घंटा वाजली. मस्यू पाहुण्यांस म्हणाले की, ही अशी छळायची, आणि मग जुलमाची हकीकत सांगू लागले, आणि हकीकत लांबली, आणि मग स्वयंपाकघरातून काळा धूर निघाला.

ओदिलबाई कचेरीस कुलूप लावीत असता मस्यू जळकी तंगडी ट्रेसह घेऊन समोर उभे राहिले.

"बाई, ते बटण चालू करा."

"का? बारा वाजलेले ऐकू आले नाहीत?"

"आले ना. पण पहिल्या वेळी मी चिडतो. मोजतो दुसऱ्या वेळी."

बाई हसल्या नाहीत. सर्व मोहिमेत याहून मोठा पराक्रम कोणी केला नाही.

सबब तह झाला. मस्यूंनी अर्ज मागे घेतला, बाईंनी बटण चालू केले, आणि पाहुणे उपाशी असल्याचे ऐकून फिर्मँ यांनी खालच्या आळीतून सशाचे मांस आणि पाव रवाना केला, सोबत निरोप की, हे आमच्याच घंटेवर शिजले आहे.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. सकल मोंग्रेलू स्तब्ध राहिले. मग पुन्हा बारा वाजले, आणि टेकडीपासून बंधाऱ्यापर्यंत एकदम चमचे खणखणले. येणेप्रमाणे मोंग्रेलूची फत्ते जाहली, खालची आळी राखली, हे नमूद केले. मस्यू लेर्मीन पहिल्या घोषास रिवाजाप्रमाणे चिडले, आणि दुसऱ्यास बिनचूक मोजून जेवावयास बसले.