लोकार्पणाआधीचं ऊन

एका जंगलात ऊन फार होतं. बाकी सगळ्याचीच ओढाताण होती. पाणी कमी, सावली कमी, डोकं चालवणारे तर त्याहून कमी. पण ऊन म्हणाल तर रोज, भरपूर, आणि अर्ज न करता मिळायचं. म्हणूनच, बाळांनो, त्या उन्हाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

या जंगलात माळावर एक छोटं तळं होतं आणि तळ्यात गोदाक्का नावाची बेडकी राहायची. गोदाक्काला तीनशेच्या आसपास पोरं होती. पोरं म्हणजे बेडूकमासे, नुसतं डोकं आणि शेपूट. पाय अजून फुटायचे होते. इतक्या पोरांना नावं कुठून आणायची? म्हणून ती सगळ्यांनाच 'बाळ्या' म्हणायची, मुलींनासुद्धा. एक हाक मारली की सगळे यायचे, त्यामुळे आजवर काही अडलं नव्हतं.

आता मात्र अडलं होतं. तळं आटत होतं. तळ्याच्या मधोमध एक काळा दगड होता. होळीला तो पाण्याखाली होता, पाडव्याला त्याचं डोकं वर आलं, आणि आता तर त्यावर बसून एक सरडा अंग शेकत होता. गोदाक्का रोज दिवस मोजायची. पोरांना पाय फुटायला अजून वीस दिवस हवे होते. पाणी दहा दिवसांचं होतं. पाय फुटले तर पोरं उड्या मारत दरीतल्या नदीवर जातील. नाही फुटले तर? तिथे ती विचार थांबवायची आणि पुन्हा त्या दगडाकडे बघायची.

अशात जंगलात योजना आली. तिचं नाव 'सूर्यकृपा'. दरीतल्या नदीवर मोटर, टेकाडावर सोलरची प्लेट, आणि तिथून थेट तळ्यापर्यंत पाइप. ऊन प्लेटवर पडणार, मोटर फिरणार, पाणी वर येणार. माकडांनी चार दिवसांत काम उरकलं, आणि खरं सांगतो, चोख केलं. प्लेट नीट दक्षिणेकडे तोंड करून बसवली. चाचणी म्हणून मोटर घटकाभर चालवली, तर पाइपातून गार पाणी धो धो तळ्यात पडलं. पोरं त्या धारेखाली शेपट्या आपटत नाचली. गोदाक्का हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. तळ्यातच बसली असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात योजनेचे अधिकारी, बगळेसाहेब, उडत आले. पांढराशुभ्र पोशाख, चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. त्यांनी पिशवीतून लाल मखमलीचं मोठं कापड काढलं, त्याला सोनेरी झालर होती, आणि ते प्लेटवर अंथरून चारी बाजूंनी बांधून टाकलं.

मोटर थांबली.

"सायेब," गोदाक्का म्हणाली, "प्लेट बसली, मोटर बसली, ऊन बी पडलंय. मग मदी ह्ये कापड कशाला?"

"लोकार्पण व्हायचंय," बगळेसाहेब म्हणाले. "महाराज स्वतः येऊन दोरी ओढतील, कापड बाजूला होईल, मग योजना सुरू. त्याआधी त्या प्लेटवर पडेल ते ऊन अनधिकृत."

"मग म्हाराजांस्नी उद्याच बोलवा की."

"उद्या कसं येतील? उद्या ऊन आहे."

गोदाक्काला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण नाही. सिंहमहाराजांना ऊन सोसत नसे. आयाळ तापायची, मग डोकं दुखायचं, मग दिसेल त्याला खायची इच्छा व्हायची. म्हणून उन्हाच्या योजनेचं लोकार्पण ढगाळ दिवशी करायचं ठरलं होतं. फक्त ढग काही येत नव्हता.

पाच दिवस गेले. काळ्या दगडाशेजारी त्याचा धाकटा भाऊही वर आला. बगळेसाहेब मात्र रोज सकाळी न चुकता तळ्यावर यायचे. लाभार्थ्यांची पडताळणी करायला. एका पायावर उभे राहून, मान तिरपी करून ते पाण्यात बघत, एकेक लाभार्थी चोचीत धरून तपासत, आणि तपासलेला लाभार्थी परत पाण्यात काही येत नसे.

"सायेब, माजी पोरं कमी व्हाय लागलीत!" गोदाक्का ओरडली.

"अपात्र होते," बगळेसाहेब चोच पुसत म्हणाले. पाणी जितकं कमी, तितकी पडताळणी सोपी जायची. मला तर हे सांगतानाही त्यांचा राग येतो. पण कागदोपत्री त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग आठ दिवसांसाठी बगळेसाहेब राजधानीला गेले. तिथे एका थंडगार गुहेत 'उन्हाचा सदुपयोग' या विषयावर शिबिर होतं.

त्याच दुपारी माळावर एक शेळी आली. कळपातून चुकलेली, काळी, एक कान कापलेली. नाव सुंद्री. माळावर खायला काही नव्हतं. ती तळ्याशी येऊन चिखलात तोंड घालून पाणी प्यायली. गोदाक्काने तिच्याकडे पाहिलं. मग टेकाडावरच्या लाल कापडाकडे पाहिलं. मग पुन्हा शेळीकडे पाहिलं.

"सुंद्राबाई, जेवलीस का?"

"कुटलं जेवन, बया! दोन दिस झालं, ह्या माळाला काटा बी न्हाई."

"त्या टेकाडावर बग. लाल लाल काय दिसतंय?"

"फुलं हायती व्हय?"

गोदाक्का आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. आताही बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "जाऊन तरी बग."

सुंद्री टेकाडावर चढली. तिने मखमलीचं एक टोक चावून पाहिलं, थोडा विचार केला, आणि बसकण मारून जेवायला लागली. दिवस कलेपर्यंत कापड संपलं. "झालर दातात अडकती," एवढीच तिची तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन प्लेटवर पडलं. अनधिकृत ऊन, पण प्लेटला ते कुणी कळवलं नव्हतं. मोटर घुरघुरली, पाइप खाकरला आणि तळ्यात धार लागली. ती रोज सकाळी लागायची आणि ऊन उतरेपर्यंत चालायची. सरडा दगड सोडून गेला. मग धाकटा दगड बुडाला, मग मोठा. तळ्याच्या काठाला हिरवळ आली, आणि सुंद्रीची गोड सोय झाली. गोदाक्का रोज पोरांच्या शेपटीशी निरखून बघायची. एके दिवशी एका बाळ्याला शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक कोंब दिसले. तिने ते तीनदा पाहिले. मग तिने जी डरांव केली ती दरीतल्या नदीपर्यंत गेली.

बगळेसाहेब शिबिराहून परतले आणि सवयीने पडताळणीला उतरले ते पोटापर्यंत पाण्यात गेले. पाय काही तळाला टेकेना. लाभार्थी खोल पाण्यात मजेत फिरत होते.

"हे पाणी कुणी चालू केलं?" पंख झाडत काठावर येऊन त्यांनी विचारलं.

"सूर्यानं," गोदाक्का म्हणाली.

"कापड कुठे आहे?"

सुंद्री काठावर बसून रवंथ करत होती. ती काही बोलली नाही. तोंड भरलेलं असताना बोलू नये, हे तिला माहीत होतं.

बगळेसाहेबांनी ताबडतोब उपाय केला. कापडावर भरवसा ठेवता येत नाही, हे सिद्ध झालंच होतं. शिवाय ढगही येत नव्हता. म्हणून त्यांनी प्लेटवर मोठा मांडव घातला. पानाफुलांचा, चांगला जाड. आता महाराजांना ऊन लागणार नव्हतं, कार्यक्रम कधीही करता येणार होता. मोटर पुन्हा थांबली. पण तळं काठोकाठ भरलेलं होतं, आणि पोरांना पाय फुटत होते.

लोकार्पण थाटात झालं. महाराज मांडवात आले, गार सावलीत बसले. त्यांनी दोरी ओढली, नवं कापड बाजूला झालं, टाळ्या पडल्या. मोटर हलली नाही. महाराजांनी भरलेल्या तळ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"उत्तम! पण ते लाभार्थी कुठे आहेत?"

 बगळेसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. काठावर, पाण्याबाहेर, अडीचशे इवलेसे बेडूक रांगेत बसले होते. नदीवर निघण्याआधी ते आईचा निरोप घेत होते. बगळेसाहेबांनी घसा साफ केला.

"महाराज, आपल्या योजनेचं फळ डोळ्यांनी पाहा. परवापरवापर्यंत पाण्यावर अवलंबून असलेले हे सगळे लाभार्थी आज स्वतःच्या पायांवर उभे आहेत!"

महाराजांना गहिवरून आलं. त्यांनी बगळेसाहेबांना जागेवरच बढती दिली, आणि या दिवसाची आठवण म्हणून मांडव कायम तसाच ठेवण्याचा हुकूम सोडला.

पोरं गेली. उड्या मारत, मागे वळून बघत, एकेक करून दरीत उतरली. गोदाक्का शेवटची शेपूट दिसेनाशी होईपर्यंत काठावर बसून होती. तशा आता शेपट्याही उरल्या नव्हत्या, पण आईला त्या दिसत होत्या.

पुढच्या वर्षी होळी झाली, पाडवा झाला. तळ्यात पुन्हा तीनशे बाळ्या वळवळत होते. काळ्या दगडाचं डोकं वर आलं. टेकाडावर मांडव उभा होता, पानं चांगली वाळून कुरकुरीत झाली होती.

गोदाक्काने माळावर नजर टाकली आणि हाक मारली.

"सुंद्राबाई, जेवलीस का?"

तात्पर्य : सरकारी योजना कधीच फसत नाही. लाभार्थ्यांनी फक्त ती यशस्वी होईपर्यंत जगायचं असतं, आणि जवळपास एक उपाशी शेळी ठेवायची असते.